नवीन अल्बम अ‍ॅटमॉसमध्ये लावला की स्टिरिओच बरा का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाने ५.१.२ चा सेट घेतला (कानाच्या उंचीला पाच स्पीकर, खर्जाचा एक सबवूफर, वर दोन), रिसीव्हर म्हणजे हे सगळे स्पीकर चालवणारं यंत्र नवं, स्पीकर नवे, टीव्हीखालच्या स्ट्रीमिंग बॉक्सवर म्युझिकचं अ‍ॅप, आणि मोठ्या हौसेने नुकताच आलेला एक अल्बम अ‍ॅटमॉसमध्ये, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही ऐकवणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीत, लावला तर गाणारीचा आवाज लांब जाऊन बसलेला, ड्रम्समध्ये दम नाही, मागचे स्पीकर मध्येच कुजबुजतात मध्येच गप्प. तेच गाणं स्टिरिओत लावलं की जीव भांड्यात पडतो. आता त्याचं म्हणणं, "सेट लावताना काही चुकलंय, का माझे कान गेलेत, का हे सगळं नुसतं मार्केटिंग आहे?"

कान शाबूत आहेत, ते आधी सांगून टाकतो. मार्केटिंग आहेच, ते कशात नसतं. पण लोकांच्या घरी जाऊन स्पीकर लावायचे, मोजायचे, ट्यून करायचे हे काम मी बरीच वर्षं करतोय आणि हीच तक्रार शब्दही न बदलता इतक्यांदा ऐकलीय की आता मी सोफ्यावर बसायच्या आधी रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघतो. एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. अ‍ॅटमॉस म्हणजे त्याच गाण्याचं दुसरं मिक्स. स्टिरिओचंच गाणं जास्त स्पीकरवर पसरलं असं होत नाही, कुणीतरी वेगळ्या खोलीत बसून, बऱ्याचदा वेगळ्याच माणसाने, सुटे ट्रॅक घेऊन ते परत रचलेलं असतं. त्याची लेव्हल वेगळी, आवाजाची जागा वेगळी, कॉम्प्रेशन (मोठ्या-बारीक आवाजांतला फरक कमी करणं) वेगळं. म्हणजे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करताय, आणि तीही न मोजलेल्या खोलीत.

सगळ्यात आधी, तुम्ही खरंच अ‍ॅटमॉस ऐकताय का? हसू नका. गाणं चालू असताना रिसीव्हरवरचं इन्फो किंवा स्टेटसचं बटण दाबा आणि काय लिहून येतं ते वाचा. 'डॉल्बी अ‍ॅटमॉस' आलं तर ठीक. 'डॉल्बी सराउंड' आलं तर तो अपमिक्सर आहे, म्हणजे आत स्टिरिओच येतोय आणि रिसीव्हर स्वतःच्या अकलेने तो मागे-वर वाटतोय. नावं इतकी सारखी ठेवलीत की फसायला होणारच. एका घरी सहा महिने माणूस अपमिक्स ऐकून मित्रांना अ‍ॅटमॉस ऐकवत होता, आणि गंमत म्हणजे मित्रही खूश होते! कारण साधं होतं, तो फोनवरून एअरप्लेने (अ‍ॅपलची बिनवायरची सोय) गाणी रिसीव्हरला पाठवायचा. त्या रस्त्याने रिसीव्हरपर्यंत स्टिरिओच पोहोचतो, ब्लूटूथने तर प्रश्नच नाही. बॉक्स एचडीएमआयने थेट रिसीव्हरला जोडा, टीव्हीमार्गे फिरवून आणू नका. फिरवायचंच असेल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे ईआर्क (टीव्हीकडून रिसीव्हरला पूर्ण आवाज पाठवणारी एचडीएमआयची सोय) हवं आणि टीव्हीचं ऑडिओ आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या सिग्नलवर, अडकलेलं नको. आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अ‍ॅटमॉस बंद नाही ना, तेही बघून घ्या.

हे झालं असं धरून चालतो. आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमची अर्धी तक्रार इथेच संपेल: व्हॉल्यूम. अ‍ॅपल म्युझिकवर अ‍ॅटमॉस मिक्स द्यायचं तर त्याची सरासरी लाउडनेस उणे १८ एलकेएफएसच्या (लाउडनेस मोजायचं एकक) वर जाऊ द्यायची नाही आणि पीक उणे १ डीबीच्या वर नको, असा नियमच आहे. आजच्या पॉप किंवा रॉक अल्बमचा स्टिरिओ मात्र उणे ८-९ ला आरामात पोहोचलेला असतो, लिमिटरने, म्हणजे आवाजाची उंच टोकं दाबणाऱ्या यंत्राने, ठोकून ठोकून. म्हणजे बटणाला हात न लावता तुम्ही स्टिरिओवरून अ‍ॅटमॉसवर गेलात की आवाज आठ-दहा डीबीने खाली येतो. आणि कानाचा स्वभाव असा आहे की जे मोठं वाजतं तेच जास्त भरदार, जास्त जवळचं वाटतं. कमी आवाजात खर्ज तर आणखीच कमी ऐकू येतो. त्यामुळे 'आवाज लांब गेला, ड्रम्समध्ये दम नाही' हे जे तुम्ही म्हणताय ना, ते कमी व्हॉल्यूमचंच वर्णन आहे.

मग करायचं काय, तर फोनवर आवाज मोजायचं कुठलंही अ‍ॅप घ्या, अचूक आकडा नकोय, फरक कळला की पुरे. त्यात सेटिंग सी वेटिंग आणि स्लो ठेवा. खुर्चीत बसून स्टिरिओचा एक अख्खा कोरस मोजा, मग अ‍ॅटमॉसचा तोच कोरस, आणि दोन्ही एका लेव्हलला येईपर्यंत अ‍ॅटमॉसचा व्हॉल्यूम वर करा. रिसीव्हरवर उणे ३० ला स्टिरिओ ऐकत असाल तर अ‍ॅटमॉस उणे २१-२२ ला न्यावा लागेल. आकडा बघून घाबरू नका, बटणावरचा आकडा स्पीकरला कळत नाही. आता स्नेअर (ड्रम सेटमधला कडक वाजणारा ड्रम) ऐका. त्याचा पहिला फटका स्टिरिओत बाकीच्या आवाजांच्या भिंतीत चिणलेला होता, इथे तो सुटा उडतो. मला विचाराल तर अ‍ॅटमॉसचा खरा फायदा हाच आहे. आवाज मागून येतो का वरून येतो हे नंतरचं, सगळं एकमेकांच्या उरावर बसलेलं नसतं म्हणून लिमिटरला एवढं मारावं लागत नाही आणि गाणं श्वास घेतं. (परत स्टिरिओवर जाताना मात्र व्हॉल्यूम आधी खाली करा, मी एकदा विसरलो आणि शेजारचं दार वाजलं.)

आता खोलीकडे येऊ. बहुतेक घरातला सेट सिनेमासाठी लावलेला असतो आणि सिनेमाला तो चालून जातो, कारण सिनेमात मागच्या स्पीकरमध्ये पाऊस, गर्दी, गाडी, अधूनमधून एखादा स्फोट. गाण्यात तसं नाही. गाण्यात मागे डावीकडे अख्खी अकूस्टिक गिटार असू शकते आणि ती पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तिथेच वाजते, बॅकिंग व्होकल्स दोन्ही बाजूंना असतात, कधी पूर्ण पियानो. म्हणजे मागचे स्पीकर पुढच्यांच्या तोडीचे लागतात, निदान त्याच जातकुळीचे तरी. पुढे भले मोठे टॉवर आणि मागे मूठभर सॅटेलाइट स्पीकर असं असेल तर मागची गिटार टिनाच्या डब्यातून आल्यासारखी वाटणार. ज्याने मिक्स केलं त्याच्या खोलीत सगळे स्पीकर जवळपास सारखे असतात आणि तो त्याच भरवशावर गिटार मागे टाकतो. पैसे घालायचेच असतील तर आणखी चार स्पीकर वाढवण्यापेक्षा मागचे दोन सुधारा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी छतावर चार लावतो.

सेंटरचंही तसंच. कोणी मिक्स करणारा मुख्य आवाज फक्त सेंटरमध्ये ठेवतो, कोणी डाव्या-उजव्यात सारखा वाटून मधोमध भास तयार करतो, कोणी दोन्ही थोडं थोडं. तुमच्या अल्बममध्ये आवाज सेंटरमध्ये असेल आणि तुमचा सेंटर टीव्हीखालच्या कप्प्यात, दोन्ही बाजूंनी पुस्तकं आणि तोंड गुडघ्यांकडे, तर गाणारी लांब जाणार नाही तर काय होणार. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, पुढच्या बाजूने खाली रबराचा तुकडा सारून तोंड कानांकडे करा. एवढं करूनही कोंदटच वाटला तर एक प्रयोग करा, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' असं सांगा, तो सेंटरचं सगळं डाव्या-उजव्यात वाटून देईल. एकटेच मधोमध बसून ऐकत असाल तर बऱ्याच घरी हे जास्त छान वाजतं, हे सांगितलं की सेंटरवर खर्च केलेल्यांना राग येतो पण आहे ते आहे.

मोजायचं कसं ते एकदा नीट सांगतो. मी गेलो की पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला, डोकं येतं तिथे चिकटपट्टी लावतो आणि तिथून टेप ओढतो. समजा पुढचा डावा स्पीकर २.८ मीटरवर आहे आणि मागचा डावा १.१ मीटरवर, सोफा मागच्या भिंतीला लागलेला असला की हे असंच येतं. फरक १.७ मीटरचा. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद, म्हणजे मागचा आवाज पाच मिलिसेकंद आधी पोहोचतो. आणि जो आवाज आधी पोहोचतो तिकडूनच सगळा येतोय असं कानाला वाटतं. शिवाय जवळ असल्याने तो मोठाही वाजतो, उघड्यावर हिशोब केला तर आठ डीबीने, खोलीत थोडा कमी. रिसीव्हरला ही अंतरं खरी सांगितलेली नसतील तर मागचे स्पीकर एक तर कानात ओरडतात नाहीतर वैतागून कुणीतरी ते इतके बारीक केलेले असतात की ऐकूच येत नाहीत. तुमचं 'मध्येच कुजबुजतात' हे दुसऱ्या प्रकारातलं वाटतंय. सोफा भिंतीपासून हातभर जरी पुढे आला तरी फार फरक पडतो, भिंतीला डोकं टेकून ऐकलं की खर्ज फुगतो तो वेगळाच. ५.१ मध्ये मागचे दोघे तुमच्या खांद्याच्या थोडे मागे हवेत, समोरची दिशा शून्य धरली तर ११० अंशांच्या आसपास, उंची कानाएवढी किंवा जराशी जास्त. सिनेमाच्या जुन्या सल्ल्याने लोक ते छताजवळ टांगतात, अ‍ॅटमॉसमध्ये तसं केलं की वरचं आणि मागचं यातला फरकच पुसला जातो.

रिसीव्हरबरोबर माइक आला असेल तर ऑटो कॅलिब्रेशन करा, ऑडिसी असो, डिरॅक असो, कुठलंही असो. पण माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, कानाच्या उंचीला स्टँडवर ठेवा, आणि पंखा बंद. झाल्यावर निकाल वाचा, नुसतं ओके दाबून पुढे जाऊ नका. अंतरं टेपशी जुळतात का? सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर दाखवू द्या, सबच्या आतल्या सर्किटमुळे उशीर होतो तो त्याने त्यात धरलाय. बाकीच्यांत मोठा घोळ दिसला तर परत करा. पुढच्या स्पीकरना त्याने 'लार्ज' ठरवलं असेल तर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झला तोडा म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल, मागचे लहान असतील तर १०० नाहीतर १२०. मग टेस्ट टोन (रिसीव्हर एकेका स्पीकरमधून काढतो तो चाचणीचा आवाज) लावून खुर्चीत मोजा, सगळ्या चॅनलचा आकडा सारखा हवा, प्रथा ७५ डीबीची आहे, पण आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा.

आणि दोन बटणं आहेत त्यांनी लोकांना फार छळलंय. एक डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन, कुठे त्याला लाउडनेस मॅनेजमेंट म्हणतात, कुठे नाइट मोड. गाण्यांसाठी बंद. ज्या श्वासासाठी एवढी धडपड केली तोच ते दाबून टाकतं. दुसरं ऑडिसीमधलं डायनॅमिक इक्यू. हे कमी व्हॉल्यूमला खर्ज भरून काढतं ते ठीक, पण त्याचबरोबर मागचे स्पीकरही वर करतं, कारण त्याचं गणित सिनेमाच्या रेफरन्स लेव्हलवर, म्हणजे सिनेमासाठी ठरवलेल्या मोठ्या आवाजावर, बेतलेलं आहे. गाण्यासाठी एक तर बंद करा नाहीतर त्याचं रेफरन्स ऑफसेट १० किंवा १५ ला ठेवा. मी तरी बंदच ठेवतो.

माझीही एक फजिती सांगतो. स्वतःच्या घरी मागच्या डाव्या-उजव्या वायरी मी उलट लावल्या होत्या आणि तीन महिने पत्ता नव्हता. सिनेमात कळत नाही, कोण बघतंय कुठला पक्षी कुठे ओरडला. एका गाण्यात हार्मनीचा आवाज पुढच्या डाव्यातून निघून डोक्याला वळसा घालून मागे डावीकडे जायला हवा होता, माझ्याकडे तो पुढे डावीकडे बुडायचा आणि उजव्या कानामागे उगवायचा, आणि मी 'काय प्रयोगशील मिक्सिंग आहे' म्हणून चार जणांना फोन करून सांगितलं. तेव्हापासून टेस्ट टोन लावल्यावर मी प्रत्येक स्पीकरपाशी उठून जातो आणि हात लावून बघतो, खुर्चीतून 'हां, येतोय' म्हणत नाही. वायरचा लाल-काळा उलटा असला तर तेही याच फेरीत बघून घ्या, दोन स्पीकरमधला आवाज मधोमध न येता डोक्यात पसरल्यासारखा वाटला की संशय घ्यायचा.

वरच्या दोन स्पीकरबद्दल फार लिहीत नाही. छतात असतील तर ५.१.२ मध्ये ते साधारण डोक्यावर किंवा किंचित पुढे हवेत. वर तोंड करून छतावरून आवाज उसळवणारे असतील तर छत सपाट आणि कडक हवं, फार उंच नको. उतरतं छत, लाकडी पट्ट्या, कापड असेल तर विसरा, त्यापेक्षा ते भिंतीवर उंच लावून खाली वळवा. गाण्यात वर बहुतेकदा रिव्हर्ब (घुमणारा आवाज), सिंथचे लांब सूर, टाळ्या, कधी कोरस असतो, मुख्य आवाज वर टाकणारे थोडेच.

'मग ७.१.४ (खाली सात, वर चार) घेऊ का?' हा पुढचा प्रश्न येणारच म्हणून आत्ताच. अ‍ॅटमॉसच्या मास्टर फाइलमध्ये १२८ पर्यंत ट्रॅक असू शकतात, त्यात काही 'बेड' म्हणजे ठरलेल्या चॅनलला बांधलेले, आणि बाकीचे 'ऑब्जेक्ट', ज्यांच्याबरोबर ते खोलीत कुठे आहेत याची नोंद असते. स्ट्रीमिंगला पाठवताना जवळजवळचे आवाज गट करून ही संख्या जास्तीत जास्त १६ वर आणतात आणि घरचा रिसीव्हर त्या नोंदी वाचून तुमच्याकडे जेवढे स्पीकर आहेत तेवढ्यात ते बसवतो. म्हणजे ५.१.२ वर ऐकलं तर गाण्यातलं काही गळत नाही, जागा थोड्या जाड पेनाने काढल्यासारख्या होतात इतकंच. नीट मोजलेला ५.१.२ घाईत लावलेल्या ७.१.४ ला सहज मागे टाकतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

जुन्या लोकांना इथे क्वाड्रोफोनिक आठवेल. १९७० च्या दशकात चार स्पीकरच्या रेकॉर्डी आल्या तेव्हा एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती होत्या, एकीची रेकॉर्ड दुसरीच्या डीकोडरवर धड वाजत नसे. मग १९९९-२००० च्या सुमारास एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या डिस्क आल्या, पुन्हा दोन तंबू, पुन्हा खास प्लेअर. आताचं वेगळं यासाठी की एकच फाइल फोनच्या हेडफोनपासून अकरा स्पीकरच्या खोलीपर्यंत चालते, आणि २०२१ च्या जूनमध्ये अ‍ॅपल म्युझिकने ती नेहमीच्या वर्गणीतच दिल्यापासून नवीन अल्बमच्या दिवशीच दोन्ही मिक्स येणं सर्रास झालं.

सर्रास झालं म्हणजे चांगलं झालं असं नाही. आणि इथे तुमच्या तिसऱ्या शंकेत तथ्य आहे. पुष्कळ अल्बमची अ‍ॅटमॉस मिक्सं यादीत खूण करायची म्हणून झालेली असतात, स्टिरिओचे सात-आठ गट (सगळे ड्रम्स एकत्र, सगळ्या गिटारी एकत्र असे) घेतले, पुढे ठेवले, मागे-वर थोडा रिव्हर्ब शिंपडला, झालं. ती ओळखायची माझी पद्धत अशी की गाणं चालू असताना उठून मागच्या स्पीकरला कान लावायचा. नुसतं धुकं ऐकू आलं, एकही वाद्य पूर्ण नाही, आणि अल्बमच्या दहाही गाण्यांत तसंच, तर निवांत स्टिरिओ ऐका, तुमचं काही चुकत नाहीये. उलट टोकाचीही असतात, प्रत्येक शेकर खोलीभर गरगर फिरतोय, दोन गाण्यांनंतर मान दुखते.

मनापासून केलेलं कसं असतं त्याचं सोपं उदाहरण म्हणजे इंग्लिश गायक पीटर गेब्रिएलचा २०२३ चा 'आय/ओ'. त्याने तीन मिक्स दिली, स्पाइक स्टेंटचं ब्राइट-साइड, चॅड ब्लेकचं डार्क-साइड आणि हान्स-मार्टिन बफचं अ‍ॅटमॉसमधलं इन-साइड. तीन माणसं, तीच गाणी, तिघांचा कल वेगळा आणि तिघांची नावं लिहिलेली. माझं 'दुसरं मिक्स' हे म्हणणं कोणाला पटत नसेल तर मी यातलं एक गाणं तिन्ही रूपांत लेव्हल जुळवून ऐकवतो, वाद संपतो. नवीन अल्बम घेतलात की अ‍ॅटमॉस मिक्स कोणी केलंय ते शोधायची सवय लावा. दोन-तीन नावं आवडली की त्यांचं पुढचं काम शोधून ऐकता येतं, आपण आवडत्या गायकाचं ऐकतो तसंच.

स्ट्रीमिंग का ब्लू-रे? स्ट्रीमिंगवर अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, सेकंदाला ७६८ किलोबिटच्या आसपास, म्हणजे दाबलेला. ब्लू-रेवर ट्रू एचडी, काहीही न गमावता. चांगल्या सेटवर फरक कळतो, झांजांची शेपटी, टाळ्यांचा कडकडाट, हॉलमधली हवा. पण आधी चांगलं मिक्स, मग खोली, मग लेव्हल आणि मग कोडेक (आवाज दाबायची पद्धत) या क्रमाने जा. जो अल्बम स्ट्रीमिंगवर पाच-सहा वेळा पूर्ण ऐकावासा वाटला त्याचीच डिस्क घ्यायची, हा माझा नियम आहे आणि तो पाळल्याने कपाट आटोक्यात राहिलंय.

मी स्वतः नवीन अल्बम कसा ऐकतो ते सांगतो, घ्यायचं तर घ्या. पहिल्या दिवशी स्टिरिओ, अख्खा, काम करता करता चालेल. गाणी तोंडओळखीची झाली पाहिजेत, नाहीतर अ‍ॅटमॉसमध्ये कान नुसता 'आता कुठून येतंय' याच्या मागे धावतो आणि गाणं राहून जातं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅटमॉस, दिवे बंद, टीव्हीचा स्क्रीनही बंद, कारण समोर उजेड असला की सगळा आवाज समोरूनच येतोय असं वाटत राहतं. पहिल्या गाण्यावर मत बनवत नाही. दोन-तीन गाणी गेली की स्पीकर कुठे आहेत ते डोक्यातून निघून जातं, आणि मग परवा जसं झालं तसं काहीतरी होतं: स्टिरिओत जो मला एकच जाडसर पॅड (मागे पसरलेला सिंथचा सूर) वाटत होता तो अ‍ॅटमॉसमध्ये तीन बायकांचा शब्दांशिवायचा सूर निघाला, एक उजव्या खांद्यामागे, एक डावीकडे, एक समोर पण जरा वर, आणि मागचीचा श्वास अर्धा ठोका आधी घेतलेला. मग स्टिरिओवर परत गेलो तर तिथेही ऐकू यायला लागला, होता आधीपासूनच. एकदा कळल्यावर आता त्या गाण्याचा स्टिरिओही मला आधीसारखा ऐकता येत नाही, पण ते असो.

हेडफोनचं विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण लोक तिथूनच मत बनवून येतात. हेडफोनवरचा अ‍ॅटमॉस म्हणजे दोन कानांसाठी केलेली नक्कल, बहुतेकदा एका सरासरी डोक्याचं आणि कानाच्या पाळीचं माप धरून. तुमचं डोकं त्या मापाचं नसेल तर आवाज कपाळात अडकतो किंवा न्हाणीघरातून आल्यासारखा लागतो. तिथे नाही आवडला म्हणून स्पीकरवरचा आवडणार नाही असं अजिबात नाही, आणि उलटही खरंच.

तर आज रात्री डिस्प्ले वाचा, लेव्हल जुळवा, उद्या टेप घेऊन मागच्या दोघांची अंतरं आणि सेंटरचं तोंड बघा, त्यात दीड-दोन तास जातील. तोच अल्बम परत लावा. तरीही स्टिरिओच आवडला तर मागच्या स्पीकरला कान लावून बघा आत वाद्य आहे का धुकं, आणि धुकंच असेल तर दुसरा अल्बम शोधा, सेटला हात लावू नका.